पल्लादा : न लढलेल्या युद्धनौकेची चाकरी

युद्धनौका म्हटली की तिने किती लढाया केल्या आणि शत्रूची किती जहाजे बुडविली, हा प्रश्न प्रथम मनात येतो. वर्गात एखाद्या जहाजाचे नाव निघाले की मुलेही हेच विचारतात. ज्या रशियन शिडाच्या जहाजाची हकीकत आज सांगावयाची आहे त्याच्या नावावर असा एकही विजय नाही. 'पल्लादा' ही फ्रिगेट तेवीस वर्षांहून अधिक काळ रशियाच्या आरमारात होती. तिच्यावर ५२ तोफा होत्या. परंतु शत्रूच्या जहाजावर त्या डागण्याचा प्रसंग तिला आला नाही. अखेरीस ती समुद्राच्या तळाशी गेली, तीही आपल्याच माणसांच्या हातून. आणि तरीही त्या काळच्या कित्येक रणगाजी जहाजांची नावे विस्मृतीत गेली असताना तिचे नाव मात्र टिकून राहिले आहे.

फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांची, चपळ पण भक्कम अशी लढाऊ नौका. तोफांची मुख्य रांग झाकलेल्या एकाच मजल्यावर, आणि काही तोफा वरच्या उघड्या तक्तपोशीवर, अशी तिची मांडणी असे. दोन-तीन मजले तोफांनी भरलेली अवजड जहाजे समोरासमोरच्या मोठ्या झुंजीसाठी. फ्रिगेट ही टेहळणीसाठी, निरोप पोचविण्यासाठी, व्यापारी ताफ्याच्या राखणीसाठी, आणि प्रसंगी एकटीनेच दूरदेशी झेंडा नेण्यासाठी. आपल्या कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत हा भेद होता, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही श्रमविभागणी नवी वाटणार नाही.

पल्लादाची बांधणी १८३१ साली सेंट पीटर्सबर्गमधील ओख्ता येथील गोदीत सुरू झाली आणि १८३२ च्या सप्टेंबरात ती पाण्यात उतरली. नाव ग्रीकांच्या पल्लास अथीनी या देवीचे. आकृती मात्र दूरच्या वाटेने आलेली होती. अमेरिकनांची 'प्रेसिडेंट' नावाची उत्तम फ्रिगेट इंग्रजांनी १८१५ साली लढाईत पकडली आणि तिच्या बांध्यावर लुब्ध होऊन त्याच नावाची नवी फ्रिगेट स्वतः बांधली. त्या इंग्रजी जहाजाचे आराखडे रशियनांनी मिळविले आणि त्यांवरून पल्लादा घडविली. जहाजबांधणीच्या धंद्यात शत्रूचे चांगले ते उचलण्यात कोणी कमीपणा मानीत नसे.

तिचा पहिला कप्तान पावेल नाखिमोव्ह. हाच पुढे १८५३ साली सिनोपच्या बंदरात तुर्की आरमाराचा धुव्वा उडविणारा आणि १८५५ साली सेवास्तोपोलच्या वेढ्यात गोळी लागून मरण पावणारा प्रख्यात दर्यासारंग. १८३३ च्या ऑगस्टमधील एका रात्री बाल्टिक समुद्रात रशियन ताफा रांगेने चालला होता. ताफ्याचा प्रमुख बेलिंग्सहाउझेन. दक्षिण ध्रुवाकडील बर्फाच्या प्रदेशापर्यंत जाऊन आलेला हा अनुभवी माणूस होता, तेव्हा त्याच्या नजरेवर शंका घेण्याचे धाडस सहसा कोणी केले नसते. हवा मळभाची होती. दागेरोर्टच्या दीपगृहाचा उजेड क्षणभर दिसला, आणि नाखिमोव्हच्या ध्यानात आले की ताफा चुकीच्या वाटेने खडकांकडे चालला आहे. हुकमाची वाट न पाहता त्याने आपली फ्रिगेट रांगेबाहेर वळविली आणि ताफा संकटात जात असल्याची खूण केली. बाकीची जहाजे वेळेवर वळली. 'आर्सिस' नावाचे एक जहाज खडकावर आदळलेच. पल्लादाच्या तरुणपणातील ही सर्वांत मोठी कामगिरी. तिने शत्रू मारला नाही, पण आपले ताफेवाले वाचविले.

यानंतरच्या वर्षांविषयी फार बोलण्यासारखे नाही. नाखिमोव्ह काळ्या समुद्रातील आरमारात गेला. पल्लादा बाल्टिकमध्ये उन्हाळी फेऱ्या करीत राहिली. काही काळ झारचा मुलगा कॉन्स्टान्टिन निकोलायेविच तिचा कप्तान होता, यावरून तिचा मान किती होता हे कळते. पण मानाने लाकूड टिकत नाही. लाकडी जहाजाचा खरा वैरी म्हणजे कूज. बाल्टिकचे पाणी निमखारे; हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फात अडकून राहणे; आतली हवा कोंदट; आणि घाईच्या बांधणीत पुरते न वाळलेले लाकूड. यामुळे रशियन जहाजे फार लवकर खिळखिळी होत. दहा-पंधरा वर्षांनंतर पुष्कळशी जहाजे मोडीतच निघत. पल्लादाची १८४० नंतर मोठी दुरुस्ती झाली, म्हणून ती तगली एवढेच.

येथे एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी १८१७ साली 'त्रिंकोमाली' नावाची फ्रिगेट सागवानात बांधली. सागाच्या अंगचे तेल कूज आणि कीड यांना थारा देत नाही, आणि ओकच्या लाकडाप्रमाणे ते लोखंडी खिळेही खात नाही. पल्लादाहून पंधरा वर्षांनी मोठी असलेली ही मुंबईकरीण, पल्लादा पूर्वेच्या समुद्रात धडपडत होती त्याच वर्षांत, इंग्रजांच्या पॅसिफिक ताफ्यात, म्हणजे रशियाच्या शत्रुपक्षात, धडधाकट चाकरी करीत होती. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे.

१८५२ साली अमेरिकेने कमोडोर पेरी याच्या हाताखाली जपानकडे लढाऊ ताफा धाडण्याचे ठरविले. दोन शतकांहून अधिक काळ बंद असलेला जपानचा दरवाजा कोणीतरी उघडणार हे उघड झाले. रशियाची आणि जपानची सरहद्द उत्तरेकडील बेटांत एकमेकींना भिडत होती, आणि ती कोठे आहे हे कधी ठरलेलेच नव्हते. यापूर्वी १७९२ साली लाक्समान आणि १८०४ साली रेझानोव्ह असे दोन रशियन दूत जपानला जाऊन जवळजवळ रिक्तहस्ते परतले होते. आता व्हाइस अॅडमिरल येवफिमी पुतियातिन यास वकील नेमले आणि त्याच्यासाठी जहाज निवडले ते पल्लादा. वय वीस वर्षे. नवे जहाज का दिले नाही? घाई होती, पल्लादा दिसावयास डौलदार होती, आणि तिचा कप्तान इव्हान उन्कोव्स्की हा शिडांच्या कामात अत्यंत तरबेज मानला जात असे. एवढी कारणे पुरेशी वाटली. चारशेहून अधिक माणसांच्या जिवाचा प्रश्न होता हे ध्यानात घेता ती पुरेशी नव्हती, असे आज म्हणावे लागते.

या चारशे माणसांत एक माणूस समुद्राशी काडीचाही संबंध नसलेला होता. चाळिशीचा, सुखवस्तू, खजिन्याच्या खात्यातील कारकुनी करणारा इव्हान गोंचारोव्ह. कादंबरीकार म्हणून त्याचे नाव झालेले होते; पुतियातिनचा चिटणीस म्हणून त्याची नेमणूक झाली. खलाशी शिडे आवरीत असता हा गृहस्थ आपल्या खोलीत बसून पत्रे लिही. त्या पत्रांतून आणि टिपणांतून पुढे जे पुस्तक झाले त्यामुळेच पल्लादाचा हा प्रवास आपल्याला दिवसागणिक ठाऊक आहे.

१९ ऑक्टोबर १८५२ रोजी जहाजाने क्रोनस्टाट सोडले. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चाले व ती बारा दिवस मागे असे. येथे नव्या दिनदर्शिकेप्रमाणे तारीख दिली आहे. निघाल्याबरोबर कॉलऱ्याने काही खलाशी दगावले. डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनीत जहाज उथळात रुतले. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत ते वर घेऊन दुरुस्त करावे लागले आणि त्यात इतके दिवस गेले की दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून जाण्याचा मोसम टळला. तेव्हा वाट बदलली. १८५३ च्या जानेवारीत पल्लादा निघाली ती केप ऑफ गुड होपवरून. मार्चमध्ये केपजवळच्या सायमन्स बे येथे पोचली तेव्हा सांध्यांतून पाणी शिरत होते. तेथे पुन्हा काथ्या-डांबर भरून फटी बुजविल्या. मग जावा, सिंगापूर, हाँगकाँग. हाँगकाँगहून पुढे जुलैमध्ये चक्रीवादळ आले. मोठ्या डोलकाठीला आवळून धरणारे दोर सैल पडले आणि ती काठी प्रत्येक हेलकाव्यासरशी झुलू लागली. ती मोडती तर जहाज आपल्याच ओझ्याने फुटले असते. माणसांनी जीव धोक्यात घालून नवे दोर आवळले आणि काठी वाचली.

पुतियातिनने तोवर एक शहाणपणाची गोष्ट केली होती. एक अधिकारी पीटर्सबर्गकडे परत पाठवून दुसरी फ्रिगेट मागविली. त्यावरून १८५२ साली आर्खांगेल्स्क येथे बांधलेली नवी 'दियाना' १८५३ च्या शरदात निघाली. ती पोचेपर्यंत म्हातारीनेच काम रेटावयाचे होते.

२२ ऑगस्ट १८५३ रोजी पल्लादा नागासाकीच्या बंदरात शिरली. पेरी महिनाभर आधी राजधानीच्या तोंडाशी, उरागा येथे, तोफांसह येऊन गेला होता. पुतियातिन मुद्दाम नागासाकीस आला, कारण परदेशीयांनी यावयाचे ते याच बंदरात, हा जपानचा नियम होता. सौजन्याने काम होईल अशी त्याची अटकळ होती.

नागासाकी हे नाव आपल्याकडील लोकांना अगदी परके नाही. गोव्याहून निघून १५४९ साली फ्रान्सिस झेवियर जपानला पोचले. आणि १५९७ साली याच नागासाकीत क्रुसावर देह ठेवलेल्या सव्वीस जणांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे होते. पुढे सतराव्या शतकात जपानने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, पोर्तुगीजांना हाकलले, आणि युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना देजिमा या एका चिमुकल्या बेटावर राहू दिले. पल्लादा आली तेव्हाही हाच बंदोबस्त होता. तिच्याभोवती पहाऱ्याच्या होड्या उभ्या राहिल्या. किनाऱ्यावर पाऊल टाकण्यास मनाई. अधिकारी येत, डच भाषेतून प्रश्न विचारीत, उत्तरे कागदावर उतरून घेत, आणि पुढील उत्तर राजधानीहून येईल असे नम्रपणे सांगून जात. असे आठवडे गेले, महिने गेले. मध्यंतरी पुतियातिन शांघायला जाऊन आला.

१८५४ च्या जानेवारीत अखेर राजधानीहून वकील आले. त्स्त्सुई मासानोरी आणि कावाजी तोशिआकिरा. पहिल्या भेटीपूर्वी वाद झाला तो बसावे कसे याचा! जपानी रीतीप्रमाणे चटईवर बसणे रशियनांना जमण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी फ्रिगेटवरून आपल्या खुर्च्या नेल्या. स्वच्छ चटयांवर बूट घालून जाणे अशिष्ट, आणि गणवेशात बूट काढणेही अशिष्ट. तेव्हा बुटांवर चढविण्याची कापडी पायताणे शिवली गेली. ती चालताना गळून पडत. गोंचारोव्हने हे सारे मिस्किलपणे लिहून ठेवले आहे. पण त्याचबरोबर कावाजीच्या बुद्धीची आणि सभ्यतेची त्याने मनापासून वाखाणणी केली आहे. करार लगेच झाला नाही. इतर देशांना जे मिळेल ते रशियालाही मिळेल, एवढे आश्वासन मिळाले.

श्रोतेहो, या मुक्कामातील आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. जहाजावर वाफेच्या इंजिनाचे एक छोटे, चालते प्रतिरूप होते. बंदराच्या पहाऱ्याचे काम सागा संस्थानाकडे पाळीपाळीने असे. तेथील माणसांनी ते पाहिले. मायदेशी परतून त्यांनी अभ्यास केला, तानाका हिसाशिगे या कुशल कारागिराला हाताशी धरले, आणि १८५५ साली सागा येथे तसलेच इंजिन आपल्या हातांनी तयार केले. या तानाकाने पुढे १८७५ साली टोकियोत काढलेला कारखाना हे आजच्या तोशिबा कंपनीचे मूळ. बावन्न तोफांनी जे साधले नसते ते त्या एका खेळण्याने साधले.

पण युरोपात वारे फिरले होते. १८५३ च्या ऑक्टोबरात रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जुंपले. मार्च १८५४ मध्ये इंग्लंड व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले. पूर्वेच्या समुद्रात या दोघांची नवी, काही वाफेवर चालणारी जहाजे होती. पल्लादा गळकी, वाऱ्यावर अवलंबून, आणि जवळचे रशियन बंदर शेकडो कोसांवर. गाठ पडलीच तर शत्रूच्या जहाजाला भिडावयाचे आणि दारूचे कोठार पेटवून दोघांनीही एकदम उडून जावयाचे, असे पुतियातिन आणि उन्कोव्स्की यांनी ठरविले होते. गोंचारोव्हसारख्या लेखणीबहाद्दराला हा बेत कळला तेव्हा त्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करावी.

गाठ पडली नाही. आणि अशा धास्तीतही जहाजावरील अधिकारी काम करीतच होते. १८५४ च्या वसंतात मनिला सोडून उत्तरेकडे जाताना त्यांनी कोरियाच्या पूर्व किनाऱ्याची मोजणी केली. तोवर युरोपीय नकाशांत हा किनारा फार अपुरा होता. तेथून उत्तरेस त्यांना एक उपसागर सापडला. त्यास जहाजावरील अधिकारी कॉन्स्टान्टिन पोसयेत याचे नाव मिळाले, ते आजही नकाशावर आहे.

पल्लादाला आमूर नदीच्या मुखात लपवावे असा विचार झाला. तोफा आणि सामान उतरवून ती हलकी केली, खोलीचा ठाव घेत वाट शोधली. परंतु नदीमुखाशी गाळ फार आणि जहाजाचे पाण्याखालचे अंग मोठे. ती आत जाईना. तेव्हा तिला दक्षिणेकडे, आज सोवेत्स्काया गावान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि त्या वेळी सम्राटाचे बंदर म्हटल्या जाणाऱ्या खोल उपसागरात नेऊन ठेवले. बंदर कसले? भोवती घनदाट अरण्य, एक लहानसे ठाणे, आणि आदल्याच हिवाळ्यात तेथे स्कर्व्हीने कित्येक माणसे मेलेली. गोंचारोव्ह सायबेरियाच्या वाटेने घरी निघाला. पुतियातिन नव्या दियानावर चढून पुन्हा जपानकडे गेला.

जे काम पल्लादाने आरंभिले ते दियानाने पुरे केले. पण त्याची किंमत विलक्षण पडली. २३ डिसेंबर १८५४ रोजी दियाना शिमोडाच्या बंदरात असता मोठा भूकंप झाला आणि मागोमाग समुद्राच्या प्रचंड लाटा आल्या. जवळजवळ सारे गाव वाहून गेले. जहाज नांगरावर अर्ध्या तासात चाळीसहून अधिक वेळा गरगर फिरले. तोफेखाली चिरडून एक खलाशी मेला. सुकाणू गेले, तळ फाटला. तशा स्थितीतही रशियनांनी आपल्या वैद्यांची मदत गावकऱ्यांना देऊ केली. दुरुस्तीसाठी जहाज हेदा या खेड्याकडे नेताना १८५५ च्या जानेवारीत ते बुडाले; खवळलेल्या समुद्रातून सुमारे पाचशे माणसांना किनाऱ्यावर घेण्यासाठी तेथील कोळी लोक धावले. आणि ७ फेब्रुवारी १८५५ रोजी शिमोडा येथे करारावर सह्या झाल्या. जवळ एकही फ्रिगेट, एकही तरंगती तोफ नसलेल्या वकिलाने तो करार केला! शिमोडा, हाकोदाते व नागासाकी ही बंदरे रशियनांना खुली झाली आणि सरहद्द इतुरूप व उरूप या बेटांच्या मधून ठरली. हेदा येथे जपानी सुतारांनी आणि रशियन खलाशांनी मिळून दोन डोलकाठ्यांची एक नौका बांधली. तिला गावाचेच नाव दिले. पाठीचा कणा आणि फासळ्या उभ्या करून त्यावर फळ्या ठोकण्याची युरोपीय रीत त्या सुतारांनी तेथे हस्तगत केली आणि लागलीच तशी आणखी जहाजे बांधली. १८५६ साली रशियनांनी ही नौका जपानला परत दिली आणि दियानाच्या बावन्न तोफाही भेट दिल्या.

पल्लादा मात्र अरण्याच्या काठी उभी होती. पहाऱ्याला एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली मोजकी माणसे. शत्रू आला तर जहाज त्याच्या हाती पडू द्यावयाचे नाही, असा त्यांना हुकूम. १८५४ चा हिवाळा गेला, १८५५ चा उन्हाळा गेला. ती आमूरपर्यंत न्यावी की दुरुस्त करावी की तशीच ठेवावी याचा निकाल कोणी लावीना. अखेर हुकूम आला आणि १८५६ च्या जानेवारीत, उपसागर बर्फाने गोठलेला असताना, पल्लादा बुडविण्यात आली. गोठलेल्या पाण्यातून कोणत्या शत्रूचे जहाज येणार होते, हा प्रश्न तेव्हाच्या जाणत्या रशियन दर्यावर्दींनाही पडला होता. पॅरिसचा तह ३० मार्च १८५६ रोजी झाला. दोन महिने थांबते तर तिला कोणी बुडवावयास सांगितले नसते. अर्थात ती घरी परतली असती असे नव्हे. तिची लाकडे तो प्रवास सोसण्यापलीकडे गेली होती.

गोंचारोव्हचे पुस्तक १८५८ साली जहाजाच्याच नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हयातीत पुन्हा पुन्हा छापले गेले. रशियन आरमाराने पुढे ते नाव इतर युद्धनौकांना दिले. त्यांपैकी एक १९१४ साली जर्मन पाणबुडीने बुडविली. १९८९ साली ग्दान्स्क येथे बांधलेले तीन डोलकाठ्यांचे एक शिडाचे जहाज याच नावाने व्लादिवोस्तोक बंदराचे आहे. त्यावर दर्यावर्दी विद्यार्थी शिडे चढविण्यास शिकतात. जुनी पल्लादा आपल्या उपसागरातच आहे. विसाव्या शतकात पाणबुडे तिच्यापर्यंत अनेकदा उतरले. तिला वर काढता येईल का, याचीही पाहणी झाली. परंतु लाकूड किड्यांनी पोखरलेले निघाले आणि तो विचार सोडून द्यावा लागला.